हापशावरचा जास्तीचा नट

मी एक जुना नट आहे. नट म्हटले की तुम्हाला सिनेमा आठवेल. पण मित्रांनो, माझ्या तोंडाला रंग कधी लागला नाही, लागला तो गंजच. मी लोखंडाचा, सहा बाजूंचा, मध्ये भोक आणि भोकात आटे असलेला. त्यातही मी पहिला नट नव्हे. पहिला नट बोल्टावर आवळून झाला की त्याच्या पाठीवर आणखी एक बसवतात, तो मी. कारागीर मला चेकनट म्हणतात. बाकीचे लोक म्हणतात, "तो व्हय, तो जास्तीचा हाय."

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथून पोत्यात भरून मी बारामतीला एका दुकानात आलो. लाकडी खणात आम्ही शेकड्याने पडून असायचो. गिऱ्हाईक यायचे, मला बोटांत धरायचे आणि "ह्यो लईच बारीक हाय, जाड दावा" म्हणून परत टाकायचे. शेजारचे जाड नट एकेक करून निघून गेले. कुणाला ट्रॅक्टर मिळाला, कुणाला ट्रॉली. मी मात्र खणाच्या कोपऱ्यात, खिळ्यांच्या चुऱ्यात पडून राहिलो. आपण कशासाठी जन्मलो हेच ठाऊक नसणे फार वाईट असते.

एक्क्याण्णव साली माझे नशीब उघडले. लोणी भापकरच्या शिवारात, गावापासून लांब, दोन वस्त्या होत्या. वरच्या अंगाला बौद्ध वस्ती आणि तिचे छोटे विहार. खालच्या अंगाला सावळाराम आबा आणि त्यांच्या भाऊबंदांची शेतकऱ्यांची घरे. दोन्हीकडे पाण्याची बोंब. उन्हाळ्यात बायका ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीने हंडा भरायच्या. सरकारातून हापसा मंजूर झाला, तेव्हा दोन्ही वस्त्यांना तो आपल्या दारात हवा होता. भांडून भांडून शेवटी तो बरोबर मधल्या माळावर बसला. म्हणून मी दोन्हीकडचा आहे आणि कुणाचाच नाही.

हापसा बसवायला महिपती मिस्त्री जीपमधून आले होते. दांडा ज्या जाड बोल्टावर वरखाली होतो, त्याला त्यांनी आधी थोरला नट आवळला. मग बारामतीच्या दुकानातून आणलेल्या मला खिशातून काढले. सावळाराम आबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मिस्त्री, एकानं भागतंय की. त्यो जास्तीचा द्या हिकडं, टायरगाडीला हुईल."

"न्हाय आबा," महिपती म्हणाले. "दांडा दिसभर हलनार. हालून हालून एकला नट कधी सुटंल पत्ता लागायचा न्हाय. वरून दुसरा दाबून बसवला म्हंजी दोघं एकमेकाला हालू देत न्हायती. पर आवळायची रीत हाय. एका पान्यानं थोरला धरायचा, दुसऱ्या पान्यानं ह्यो आवळायचा. म्हैन्यातनं एकदा."

असे म्हणून त्यांनी नट आवळायचे दोन पाने काढून ठेवले. झाले! पाने कुणाच्या घरी राहणार, यावर नवा वाद. वरची वस्ती म्हणे आमच्याकडे, खालची म्हणे आमच्याकडे. ज्याच्या घरी दोन्ही पाने, तो उद्या हापशाचा मालक होऊन बसेल अशी दोघांनाही धास्ती. शेवटी तोड निघाली. एक पाना वरच्या वस्तीत अक्काबाईंकडे, एक खाली सावळारामांच्या घरी, त्यांच्या पत्नी बनाबाईंकडे. दोन्ही पाने एका घरात कधीच ठेवायचे नाहीत, असे चारचौघांत ठरले. म्हणजे एकमेकींवाचून कुणालाही हापशाला हात घालता येऊ नये. मित्रांनो, अविश्वासातून निघालेला इतका चांगला निर्णय मी दुसरा पाहिला नाही.

आवळायचा दिवस ठरला पौर्णिमा. अक्काबाईंची ती विहारातल्या वंदनेची आणि बनाबाईंची उपवासाची, त्यामुळे दोघींच्याही ध्यानात राहायची. पहिल्या पौर्णिमेला अक्काबाई पांढरे पातळ नेसून आल्या. बनाबाई डोक्यावरचा पदर सावरत आल्या आणि हातभर लांब उभ्या राहिल्या. पण तेवढ्या लांबून पाना पोचेना. मग त्या थोड्या पुढे सरकल्या, आणखी थोड्या सरकल्या.

"धरलंस का?" अक्काबाईंनी विचारले.

"धरलंय. आवळ," बनाबाई म्हणाल्या.

माझी पाठ थोरल्याच्या पाठीला घट्ट भिडली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी आधाराला घेतले आणि मीही कुणाचा तरी आधार झालो. त्या दिवशी मी जेवढा सुखी होतो, तेवढा पुन्हा फार थोड्या वेळा झालो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बनाबाईंच्या सासूबाई, भागूबाई, पाण्याला आल्या की आधी दांड्यावर कळशीभर पाणी ओतायच्या आणि मगच हात लावायच्या. वरच्या वस्तीच्या बायकांचे हात त्या दांड्याला लागलेले असत ना, म्हणून. त्या बायका नुसत्या बघायच्या. ते सोवळ्याचे पाणी थेट माझ्या अंगावर यायचे आणि मी गंजायचो. भागूबाईंचे काय शुद्ध व्हायचे ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी माळावर चिटपाखरू नसायचे. वरून विहारातल्या मुलांचा आवाज यायचा, खालून गोठ्यातल्या म्हशींचा. पाणी गोड लागले की लोक बोअरचे कौतुक करायचे, दांडा हलका चालला की मिस्त्रीचे. माझे नाव कुणी घेतले नाही. पण पौर्णिमेला त्या दोघी यायच्या, आणि मला तेवढे पुरे व्हायचे. आवळायला किती वेळ लागतो? पण त्या कट्ट्यावर बसून राहायच्या. अक्काबाई मुलाच्या नोकरीचे सांगायच्या, बनाबाई गुडघ्याचे. हळूहळू 'बनाबाई'ची 'बने' झाली आणि 'अक्काबाई'ची 'अक्का'.

मग तो उन्हाळा आला. बनाबाईंच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. घर पाहुण्यांनी भरलेले, आणि बोअरचे पाणी आटत चाललेले. हळदीच्या दिवशी सकाळी अक्काबाईंच्या वस्तीने नेहमीप्रमाणे हंड्यांची रांग लावून ठेवली होती. रांगेत ज्याचा हंडा पुढे, त्याचा नंबर पुढे, ही आमच्याकडची रीत. बनाबाईंचे भाऊ बापूसाहेब मोठे पिंप घेऊन आले. त्यांनी रांग पाहिली आणि पायाने हंडे बाजूला लोटले. सगळ्यांत पुढचा अक्काबाईंचा हंडा खडकावर आपटला आणि त्याला पोचा पडला.

"लग्नघर हाय. थांबा जरा," बापूसाहेब म्हणाले.

बनाबाई तिथेच उभ्या होत्या. अक्काबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. बनाबाईंनी मान खाली घातली.

"बने, तू बगितलंस," अक्काबाई हळूच म्हणाल्या. "बगितलंस, आन् गप ऱ्हायलीस."

त्यांनी पोचा पडलेला हंडा उचलला आणि रिकामाच घेऊन गेल्या.

त्या पौर्णिमेला अक्काबाई आल्या नाहीत. बनाबाई आपला एकटा पाना घेऊन आल्या, वरच्या वाटेकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. पुढच्या पौर्णिमेला त्याही आल्या नाहीत. इकडे दांडा दिवसभर वरखाली होतच होता. आधी माझ्या आणि थोरल्याच्या मध्ये केसाएवढी फट पडली. मग मी खुळखुळू लागलो. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण लोकांना ती दांड्याची करकर वाटायची. एका दुपारी शेवटचा आटा सुटला आणि मी कट्ट्याखालच्या चिखलात पडलो.

चिखलात पडून मी वर पाहत होतो. थोरला एकटाच राहिला होता. रोज थोडा थोडा तो फिरत होता, बाहेर येत होता. आपल्या माणसाचा तोल जाताना दिसावा आणि आपल्याला हातच नसावेत, याहून मोठे दुःख मला माहीत नाही. आणि एका सकाळी बनाबाई हापसत असतानाच थोरलाही निसटला. बोल्ट सरकला, दांडा झटक्यात वर उसळला आणि बनाबाईंच्या मनगटावर बसला. त्या कळवळून खाली बसल्या.

हापसा बंद पडला. मिस्त्रीच्या जीपला निरोप गेला, पण जीप येईना. दोन्ही वस्त्यांच्या बायका पुन्हा ओढ्यात झरा उकरू लागल्या. भांडण एका हंड्याचे, आणि तहान साऱ्यांना.

चौथ्या का पाचव्या दिवशी अक्काबाई माळावर आल्या. गुडघे टेकून त्यांनी चिखल चाचपायला सुरुवात केली. ऊन चढले तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी त्यांची बोटे मला लागली. त्यांनी मला पदराने पुसले, घरी नेऊन रॉकेलच्या वाटीत बुडवले. मग मला मुठीत घेऊन, दुसऱ्या हातात पाना धरून, त्या खालच्या वस्तीत गेल्या. सावळारामांच्या अंगणापुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. त्या दिवशी सरळ ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बनाबाई बाहेर आल्या. मनगट सुजून टम्म झाले होते. अक्काबाईंनी मूठ उघडली. बनाबाईंनी मला पाहिले, कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून थोरल्याला काढले. मनगटाला लागले त्या सकाळी पायाशी पडलेला तो त्यांनी जपून ठेवला होता.

"माजं चुकलं, अक्का," बनाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "सख्खा भाऊ पडला. माज्या तोंडातनं सबूदच फुटला न्हाय."

"हंड्याचा पोचा काय, निगंल," अक्काबाई म्हणाल्या. "तुजा हात लई सुजलाय गं. चल, पाना घे."

बोल्ट जागेवर बसवायला सावळाराम आबा आले. भागूबाई सवयीप्रमाणे कळशी घेऊन मागोमाग आल्या. बनाबाई वळून म्हणाल्या, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. रोज पानी वतून वतूनच नट गंजत्यात." भागूबाई काहीतरी पुटपुटल्या, पण कळशी खाली ठेवली. पुन्हा कधी त्यांनी दांडा धुतला नाही.

"धरलंस का?"

"डाव्या हातानं धरलंय. आवळ."

पुढची वर्षे बरी गेली. मग गावात टाकी झाली, वस्त्यांवर नळ आले. माझ्याकडे येणारी वाट गवताने बुजली. दांड्यावर कावळे बसू लागले. बोअर कोरडे पडले. तरी पौर्णिमेला त्या दोघी यायच्या. सावळाराम आबा हसायचे, "पानी न्हाय, आन् कसला नट आवळताय?" बनाबाई म्हणायच्या, "ठरल्यालं हाय." मी अक्काबाईंच्या आणि बनाबाईंच्या वेळेवर जगत होतो. बाकीचा महिना नुसता वारा.

मग एका हिवाळ्यात बनाबाई गेल्या. खालच्या वस्तीतून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी ओळखले. काही दिवसांनी सावळाराम आबा फडक्यात गुंडाळलेला पाना घेऊन माळावर आले. वरून अक्काबाई आल्या.

"ह्यो तुमच्याकडंच ठिवा," आबा म्हणाले. "तिनंच सांगितलं हुतं."

अक्काबाईंनी हात पुढे केला नाही. "दोन्ही एका घरात ऱ्हायचं न्हाईत आबा. चारचौघांत ठरल्यालं हाय."

"ठरवनारा मीच हुतो, अक्काबाई," आबा म्हणाले. पाना त्यांनी कट्ट्यावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेले.

त्यानंतरच्या पौर्णिमेला अक्काबाई एकट्याच आल्या. पांढरे पातळ, दोन हातांत दोन पाने. ज्या गोष्टीसाठी एवढी भांडणे झाली होती, ती आज त्यांच्याकडे आयती आली होती. एक पाना त्यांनी थोरल्यावर बसवला, एक माझ्यावर. आणि सवयीने विचारले, "धरलंस का?"

त्या थांबल्या. माळावर कुणी नव्हते. माझ्याजवळ उत्तर होते, मित्रांनो, पण तोंड नव्हते. अक्काबाई शेवटी आपल्या आपणच "धरलंय" म्हणाल्या, आणि त्यांनी मला आवळले. इतका घट्ट मी कधीच बसलो नव्हतो, आणि इतका एकटाही कधी नव्हतो.

आता अक्काबाईंनाही एवढा चढउतार होत नाही. पौर्णिमा येते आणि जाते. थोरला आणि मी गंजून एकमेकांना चिकटलो आहोत. आता आम्हाला सोडवायला कुठलाच पाना पुरणार नाही.

मित्रांनो, कुठे एका बोल्टावर दोन नट दिसले, तर त्यातला एक जास्तीचा समजून काढून नेऊ नका. त्यांना महिन्यातून एकदा हात लावा. आणि तुमच्याशेजारी उभे राहून कुणी "धरलंस का?" असे विचारले, तर मान खाली घालू नका. त्याला उत्तर द्या.