तीन गंज्या

पडद्यावर स्वतःचाच तरणाबांड फोटो लावून त्याच्या शेजारी जो माणूस उभा राहतो, त्याच्याकडून काय शिकायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. पण आमच्या खुर्च्यांच्या कारखान्याचे धाकटे मालक एल्दिन यांना ते कळलं होतं. जूनमधल्या एका शुक्रवारी त्यांनी यंत्रं बंद ठेवली, चाळीस कामगार कँटीनमध्ये कोंबले, आणि ‘रणांगणावरचं नेतृत्व आणि चिवटपणा’ शिकवायला सेनाहिदला थेट सारायेव्होहून बोलावलं. कँटीनचा स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे घेवडा ढवळता ढवळता मलाही ते पुराण ऐकणं भाग होतं.

सेनाहिदला मी चांगली ओळखते. नव्वदीतल्या बोस्नियाच्या लढाईत आमच्या बटालियनचा स्वयंपाक मीच करायचे. कोण कुठल्या खंदकात होता, कोण किती खायचा आणि कोण कशाला घाबरायचा, हे माझ्याइतकं वरच्या साहेबांनाही ठाऊक नसेल. सेनाहिद तीनदा वाढून घ्यायचा.

“धडा पहिला,” तो छाती काढून म्हणाला. “पुढारी आधी पाऊल टाकतो. चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. टेकडीवर मी आणि माझी नऊ माणसं. सहा दिवस. ना झोप, ना अन्न.”

काय हा निर्लज्जपणा! टेकडीवर नऊ जण होते हे खरं. त्यांतले चारच परत आले, आणि त्या चारांतला एक, आमचा पॉलिशवाला फेहीम, मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याला कुणी सारायेव्होला भाषणाला बोलावत नाही. सेनाहिद मात्र ते सहाही दिवस टेकडीच्या पायथ्याला, कारखान्यामागच्या कुरणात होता. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, झियादच्या कुरणात. तिथे तो सुरुंग पेरत होता. रोज दुपारी मीच त्याला डबा नेऊन द्यायचे, पण कुंपणापर्यंतच, आत यायला त्याची मनाई.

पेरले ते पेरले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लढाई होती. पण सुरुंग पेरणाऱ्याने कुठे पेरले त्याचा नकाशा काढायचा असतो, आणि नकाशात खूण अशी धरायची असते की जी जागची हलणार नाही. दगड, पूल, विहीर, काहीही. ह्या शहाण्याने काय धरलं? गंजी! ‘गंजीपासून पंधरा पावलं, ओढ्याच्या दिशेने, दोन ओळी.’ एवढंच. किती सुरुंग तेही नाही, आणि खाली सही म्हणून नुसता फराटा. अरे बाबा, गवताची गंजी ही हिवाळ्यात जनावरांनी खायची वस्तू. त्यातून त्या साली आमच्या कुरणात गंज्या होत्या तीन. फेब्रुवारी संपेपर्यंत सैन्याच्या खेचरांनी तिन्ही फस्त केल्या.

सत्त्याण्णवच्या वसंतात झियाद ओढ्यावर गाय आणायला गेला आणि उजवा पाय गुडघ्याखाली तिथेच ठेवून आला. तो सुरुंग पावसाने वाहत ओढ्यापर्यंत आलेला, त्यामुळे त्यावरूनही बाकीच्यांचा पत्ता लागेना. तेव्हापासून कुरणाला कवटीच्या लाल पाट्या. पलीकडच्या कडेला आमची आलुबुखाराची बावीस झाडं. दर ऑगस्टला फळांनी रंग धरला की झियाद म्हणतो, “यंदा मी जाणार,” आणि मी त्याचा लाकडी पाय कपाटात घालून कुलूप लावते. पाऊणशे वर्षांचा माणूस, पण हट्ट बघा. आणि यंदा त्याने लोहाराकडून दुसरी किल्ली करून घेतली होती. मला ती त्याच्या उशीखाली सापडली. मी ती घेतली नाही. घेतली असती तर त्याने तिसरी केली असती.

मे महिन्यात सुरुंग काढणारं पथक गावात आलं. त्यांचा मुख्य मिरालेम, भला माणूस, माझ्याकडेच जेवायचा. तो म्हणाला, “झुमराताई, तिन्हींतली कोणती गंजी ते सांगणारा कुणीतरी आणा. फळं पिकायच्या आत मोकळं करून देतो. नाहीतर सगळा उतार वीतवीत तपासावा लागेल, आणि ते काम यादीत जाईल. चार वर्षं, पाच वर्षं, काही सांगता येत नाही.”

झियादची किल्ली पाच वर्षं थांबणार होती का?

मी सेनाहिदला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा गोड आवाजात, “ताई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी तेव्हा टेकडीवर होतो.” बरोबरच आहे. कुरणात होतो म्हटलं की टेकडी जाते, टेकडी गेली की पडदा जातो, फोटो जातो, शुक्रवारचं पाकीट जातं.

तर असा हा महापुरुष आता चौथ्या धड्यावर आला. “विश्वास!” म्हणाला. “डोळ्यांवर पट्टी. तीन गिरक्या. मग फक्त आपल्या माणसाच्या आवाजावर चालायचं. पट्टी जो काढेल तो हरला. आणि पुढारी आधी, म्हणून पहिला मी. कोण नेईल मला?”

कुणी हलेना. मी डाव खाली ठेवला, एप्रनला हात पुसले.

“मी नेते साहेब. पूर्वीही तुम्हाला शोधत मीच यायचे, डबा घेऊन.”

तो हसला, पण ओठांनीच. चाळीस माणसांसमोर नाही कसं म्हणणार? एल्दिन साहेबांनी पट्टी बांधली, मी त्याला तीन गिरक्या दिल्या. आणखी दोन माझ्या पदरच्या.

फाटकातून डावीकडे गेलं की शाळेचं फुटबॉलचं मैदान, उजवीकडे गेलं की आमचं कुरण. दोन्हीकडे जायला मध्ये पाण्याचा पाट, त्यावर फळी. मी त्याला डावीकडे घेतलं. कामगार मागून चालले, तोंडं बंद ठेवून, कारण नियमच तसा होता. जेवायला आलेला मिरालेमही मागे होता.

“फळी आहे साहेब. सांभाळून.”

“मैदानाकडे नेताय ना?”

“मैदानात चिखल झालाय. झियादच्या कुरणात नेते. पाट्या काढल्यात कालच.”

धडधडीत खोटं. बोलले तर बोलले.

त्याचा पाय फळीवरून गवतात पडला होता. गवत घोटाभर वाढलेलं, शाळेला सुट्टी असल्यामुळे कुणी कापलं नव्हतं. तो उभ्या जागी खिळला. हात पट्टीकडे गेला.

“पट्टी काढायची नाही साहेब. धडा चौथा.”

“मागे घे मला.”

“आणखी दहा पावलं. छान गवत आहे.”

“झुमरा, मागे घे!” आता ताई गेली, साहेबी गेली. मानेवर घाम फुटला होता. “कुठे आहोत आपण? कोणत्या गंजीजवळ?”

“कुठली गंजी? तुम्ही तर टेकडीवर होता.”

“चेष्टा करू नकोस! पाय हलवू का नको ते सांग!”

“मला काय माहीत रे, सेनो? तीन गंज्या होत्या. कोणती ते तू सांग, मग मी सांगते पाय कुठे टाकायचा ते.”

“वरची!” तो किंचाळला. “नासपतीच्या झाडाखालची! पंधरा पावलं खाली, दोन ओळी, मध्ये दोन पावलांचं अंतर. अकरा. अकरा आहेत! आता मला बाहेर काढ!”

मिरालेमने सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं आणि मला मान हलवून खूण केली. मी पट्टी सोडली. सेनाहिदसमोर गोलचा खांब होता, फाटक्या जाळीचा, आणि त्याला बांधलेली हेडमास्तरांची शेळी.

वाटलं होतं सगळे खो खो हसतील. कुणी हसलं नाही. फेहीम पुढे आला, टोपी काढली आणि सावकाश म्हणाला, “टेकडीवर फार थंडी होती साहेब. तुम्हाला आठवत नसेल.”

सेनाहिद न जेवता गेला. मी त्याच्यासाठी तीन वेळचं वाढून ठेवलं होतं, ते शेळीला घातलं. एल्दिन साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग एकदा कॉफी घेताना हळूच म्हणाले, “चौथा धडा बरा होता.” पुढे कुणीतरी सांगितलं की सेनाहिदच्या भाषणात आता नवा धडा आलाय, चूक कबूल करण्याचं धैर्य. एका गरीब बाईच्या कुरणासाठी तो म्हणे आपणहून गावी आला होता. येऊ दे बापड्याला. त्याचं पोट त्यावरच चालतं.

मिरालेमची माणसं नासपतीखालून पंधरा पावलं मोजून कामाला लागली. झियाद रोज कुंपणाशी स्टूल टाकून बसायचा. ऑगस्टच्या आधी दहा सुरुंग निघाले, दोन सरळ ओळींत. मग मिरालेम अकरावा शोधत बसला. तीन दिवस यंत्र फिरवलं, जमीन चाळली. शेवटी घाम पुसत कुंपणाशी आला.

“आजोबा, एक कमी भरतोय. तो मिळाल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही.”

झियादने बोटाच्या पेराने लाकडी पायावर टकटक केलं.

“अकरावा मी कधीच काढलाय,” तो म्हणाला. “कर सही.”

मिरालेमने त्या पायाकडे बघितलं. मीही. अकरा! मी फोनवर रडत विचारत होते तेव्हाही हा आकडा त्या माणसाच्या जिभेवर होता.

मिरालेमने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी झियाद झाडांकडे निघाला, आणि मी टोपली घेऊन त्याच्या मागून. नासपतीखाली वरच्या गंजीची जागा लागते. तिथे मी थांबले, थुंकले आणि पुढे गेले.