पडद्यावरची बांगडी

अहेरीच्या नूर मोहम्मदची एक गोष्ट साऱ्या मोहल्ल्याला तोंडपाठ होती. तरणा असताना तो फौजेत रडारवर होता. खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि पडद्यावर ठिपका उमटला की दिशा नि अंतर सांगायचं. रोज पहाटे मात्र त्याला एक गोल दिसे, बांगडीसारखा. फुगत फुगत जाई नि विरे. विमान असं चहूकडं थोडंच उडतं? दुसरं कोणी बघायला येईतो पडदा कोरा. मशीन तपासलं, ते ठणठणीत. मग साहेबानं निकाल दिला, "तुझे डोळे गेले," आणि त्याला उठवून स्टोअरमध्ये टाकलं.

तेव्हापासून गड्यानं स्वतःच्या डोळ्यांवर कधी भरवसा ठेवला नाही. स्कूटर शिकला नाही. ताटातल्या माशाचे काटेसुद्धा बायको जाहिदाच काढून देई. पण ती बांगडी होती तरी काय, हे काही डोक्यातून जाईना.

परवा शेजारचा मुखरू चहा पिता पिता कुरकुरला, "नूरभाऊ, स्टँडामागच्या पिंपळावरच्या साळुंक्या झोपू देत नाई पाहा. दिवस निघाच्या आंधी साऱ्या एकदम उडतेत, चारही बाजूनं."

नूरचा कप ओठाशीच थांबला. "चारही बाजूनं? एकाच टायमाले?"

"हो ना! काऊन?"

काऊन म्हणे! दुसऱ्या दिवशी पहाटे म्हाताऱ्यानं साऱ्यांना कामाला लावलं. पिंपळापासून सारख्याच अंतरावर एका बाजूला जाहिदा, दुसऱ्या बाजूला मुखरू, तिसरीकडं मुखरूची बायको भागीरथा, चौथीकडं नात तहसीन. साऱ्यांचे फोन एकत्र जोडलेले. स्वतः झाडाखाली, डोळे मिटून. गेलेल्या डोळ्यांचं तिथं कामच काय!

"येड लागलं तुमाले," फोनवर जाहिदा. "थंडीनं मरून राह्यली मी इथी."

"चूप राय. डोक्यावरून गेल्या की बोल."

वर एकदम कलकलाट झाला, फडफड झाली आणि झाड गप्प झालं. नूरनं फोन कानाशी दाबला. एकाच बाजूला गेल्या असल्या तर? मग साहेबच खरा.

"आल्या!" मुखरू ओरडला. त्याचं तोंड मिटायच्या आत भागीरथा, "आल्या वो!" तहसीन नि जाहिदा तर एकदमच बोलल्या.

बांगडी! पडद्यावर विमान नव्हे, चहूकडं पांगणारी पाखरंच उमटत होती. रडारच्या त्या खोलीजवळही असंच एखादं झाड असणार. कोणी एकानं नुसतं दार उघडून बाहेर बघितलं असतं तर! नूरला राग आला, हसू आलं, आणि मग तो पिंपळाला टेकून चक्क रडला.

दुपारी रोहूचा रस्सा होता. जाहिदानं सवयीनं त्याचं ताट आपल्याकडं ओढलं. त्यानं ते धरून ठेवलं.

"असू दे. काटे मले दिसतेत."