पुलापलीकडचा घाट

थोरल्या भावाचा फोन आला तेव्हा ती रस्ते-माहिती केंद्रात ड्यूटीवर होती. त्याच्या लेकीला मुलगा झाला होता आणि नातू सगळ्यांआधी त्यालाच मांडीवर घ्यायचा होता.

"काय गं बये, पुलाचं काम संपलं का?"

"संपलं, दादा. पूल मोकळा आहे."

हे खरंच होतं. विचारलं तेवढंच सांगायचं, फोन अडवायचा नाही, असा केंद्राचा नियम होता. पलीकडच्या घाटात कालच रस्ता खोदलाय, हे तिनं पोटातच ठेवलं.

गेल्या वर्षी वडील शेवटच्या घटका मोजत होते. "पूल मोकळा आहे, बिनधास्त ये," असं खोटंच सांगून ह्याच भावानं तिला पुलाशी अडकवलं. वडील गेले तेव्हा उशाशी तो एकटाच होता. त्यानंतर तिनं ही नोकरी धरली.

ड्यूटी संपताच तिनं लांबच्या जुन्या रस्त्यानं गाडी काढली. संध्याकाळी पुन्हा फोन वाजला.

"अगं, दुपारपासून घाटात अडकलोय! सांगायचं नाही का?"

"तू पुलाचंच विचारलंस, दादा. आणि जरा हळू बोल. आत्ताच झोपलाय माझ्या मांडीवर."