माणशी एक

"माणशी एक कुलूप म्हणे," फिटर पान्यांची पिशवी खांद्यावरून उतरवत बायकोच्या कानाशी पुटपुटला. "उद्या माणशी एक दार मागतील. मग भांडत बसा, कुणाच्या दारातून कोण शिरलं."

एरवी ती नाकातल्या नाकात हसली असती. नवऱ्याची कुरकुर हा तिच्या कामाच्या दिवसाचा रेडिओ होता. तो बंद असला की तिला करमत नसे. पण आज पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या मॅडम समोरून चालत आल्या आणि रेडिओ आपोआप बंद झाला. फिटरने शर्टाची कॉलर सरळ केली. वायरवालीने ते पाहिलं आणि स्वतःच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागली.

कामाच्या जागी सगळे तिला वायरवालीच म्हणत. तो लोखंडाचं बघायचा, ती विजेचं. भोकं त्याने पाडायची, तारा तिने ओढायच्या. अशी दोघांनी मिळून किती कारखान्यांत किती यंत्रं बसवली होती, आणि कुठेही तिला कुणाच्या येण्याची धास्ती वाटली नव्हती.

मॅडम म्हणजे इथल्या दुरुस्ती खात्याच्या प्रमुख. आणि मॅडम म्हणजे फिटरची पहिली बायको. 'आधी एकदा झालंय, जमलं नाही,' एवढं तिला लग्नापूर्वी एका वाक्यात सांगून झालं होतं. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. सासूबाई बोलता बोलता 'तेव्हा आपल्याकडे...' इथवर येत आणि एकदम भाजी निवडायला लागत. हे काम आलं तेव्हा फिटर जेवताना म्हणाला होता, "तिकडच्या मॅडमनी बोलावलंय." कोण मॅडम, असं तिने विचारल्यावर "आहेत एक" म्हणून त्याने ताटात मान घातली, आणि सासूबाईंनी भरलेल्या भांड्यात पुन्हा पाणी ओतलं. ते पाणी पुसता पुसता वायरवालीला सगळं कळलं.

तिने मनात एक बाई रंगवून ठेवली होती. उंच, नाजूक, हळू बोलणारी, जिला सोडल्यावर माणसाला आयुष्यभर हळहळ वाटावी अशी. प्रत्यक्षात मॅडम बुटक्या निघाल्या. चष्म्याची काडी तारेने बांधलेली, आवाज असा की अख्खा कारखाना ओलांडून पलीकडे जावा. धड हेवासुद्धा करता येऊ नये अशी बाई! याचाच तिला जास्त राग आला.

"हे मुख्य बटण," मॅडम भिंतीवरचा दांडा खाली ओढत म्हणाल्या. "बंद केलंय. दांड्याला ही भोकांची पकड, तिच्या एका भोकात माझं कुलूप. आता तुमची दोघांची." त्यांनी दोन लाल कुलपं पुढे केली. "पकडीत एक जरी कुलूप असलं तरी दांडा वर जात नाही, चाक फिरत नाही. आपापली किल्ली आपापल्या खिशात. कुणी कुणाचं काढायचं नाही."

फिटरने आपलं लावलं. वायरवालीने तिच्या हातातलं कुलूप उलटंपालटं करून पाहिलं.

"आमचं दोघांचं मिळून एकच असतं," ती म्हणाली.

म्हणजे तशी खोटी गोष्ट नव्हती. दोघांची रीतच होती ती. कुलूप एक, किल्ली त्याच्याकडे. तिचं काम नेहमी मागाहून संपायचं. ती 'झालं' म्हणून ओरडायची, मग तो कुलूप काढायचा. कधी चूक झाली नव्हती. पण आज ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं ते कुलपापेक्षा जरा मोठं होऊन.

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "इथे माणशी एक," त्या म्हणाल्या. एवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. त्या वळल्या आणि वायरवालीने लाल कुलूप खिशात टाकलं. परत आल्यावर मॅडमची नजर पकडीवर गेली. दोन कुलपं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि चष्मा वर सरकवला.

काम तसं किचकट नव्हतं. पुठ्ठा वाळवणारे मोठमोठे रूळ ओळीने फिरतात, त्यांच्या टोकाशी दातेरी चाकं, आणि प्रत्येक चाकाला बारीक नळीतून तेल. कुठली नळी तुंबली तर कुणाला पत्ता लागत नाही. धूर निघाला की कळतं. आता प्रत्येक नळीवर तेलाची धार मोजणारी बोटभर डबी बसवायची, तिची तार मोठ्या पेटीत आणायची, म्हणजे तेल थांबताच लाल दिवा लागेल. हे नीट झालं तर बाकीच्या यंत्रांचं कामही यांच्याकडेच येणार होतं. फिटर महिनाभर तेच बोलत होता.

फिटरने चाकांवरची जाळी उतरवली. वायरवालीने आधी तपासणीचा दिवा चालू असलेल्या बोर्डावर लावून पाहिला, मग बंद केलेल्या तारांवर, मग पुन्हा चालू बोर्डावर. दिवाच बिघडलेला असला तर तो मेलेल्या तारेवर बसावा तसाच गप्प बसतो, म्हणून ही रीत ती पहिल्या दिवसापासून पाळत आली होती.

"हात चांगला आहे तुमचा," मॅडम मागून म्हणाल्या.

"सवय आहे," वायरवाली मागे न बघता म्हणाली.

"मोटारीच्या तारेपासून लांब घेताय ना? नाहीतर उगाच दिवे लागत राहतील."

"घेतलीच आहे."

"हो, दिसलं. मी आपलं विचारलं."

कौतुक झेलावं की टाळावं, हे तिला ठरवता येईना. इतक्यात फिटरने यंत्राच्या खालून नुसता हात बाहेर काढला, आणि मॅडमनी त्यात बारीक पाना ठेवला. डाव्या हातात. न विचारता. तो नळ्यांची कामं डाव्या हाताने करतो हे वायरवालीच्या ध्यानात यायला लग्नानंतर दीड वर्ष गेलं होतं. तोवर ती उजवीकडे पाना धरून उभी राहायची आणि तो काही न बोलता हात बदलायचा.

पाना परत करताना फिटर म्हणाला, "थँक यू, मॅडम." कसला बाई सभ्य! घरी तर पाण्याचा तांब्या दिला तरी नुसतं 'हं'.

दुपार कलायला आली तेव्हा शेवटची डबी जोडून झाली. तारेवरचं जाळीचं वेष्टण तिने एकाच टोकाला, पेटीकडच्या बाजूला, अर्थिंगच्या तारेला जोडलं. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहिली. एकही सुटली नाही. ती चाकांच्या मागून बाहेर आली आणि नेहमीसारखी ओरडली, "झालं!"

कुणी पाहिलं नाही.

फिटर आणि मॅडम भिंतीवरच्या दांड्यापाशी उभे होते. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता, बहुधा कुठल्यातरी जुन्या साहेबाची नक्कल. मॅडम कपाळाला हात लावून हसत होत्या. मग तोही हसला, मान मागे टाकून, डोळे मिटून, आवाज न करता. ते हसणं वायरवालीच्या चांगल्या ओळखीचं होतं. पाहुण्यांसमोर तो तसा हसत नसे, आईसमोरही नाही. ते आपलंच आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आपल्या आधी ते कुणाच्या घरात होतं, याचा विचार तिने कधी केलाच नव्हता.

"झालं म्हटलं ना," ती पुन्हा म्हणाली, पण इतक्या हळू की ते कुणासाठी नव्हतंच.

फिटरने न वळता हात वर केला. ऐकलं, अशा अर्थाने.

ती उभी राहिली असती तर त्यांच्यात जाऊन मिसळावं लागलं असतं. 'काय एवढं हसताय' असं विचारावं लागलं असतं, आणि त्यांनी ते सांगितलं असतं, आणि ते तिला कळलं नसतं. तिला आठवलं की शेवटच्या डबीपाशी तार बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचं जास्तीचं शेपूट कापायचं राहिलंय. ते तसंच राहिलं असतं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ती वळली, न सांगता चाकांच्या मागे शिरली, गुडघे टेकले आणि कोपरापर्यंत हात दोन दातेरी चाकांच्या मधून आत घातला.

कटर पट्टीला लागला, आणि तिला तो आवाज ऐकू आला. किल्लीचा, मग कुलूप निसटल्याचा.

तिचं कुलूप. त्यांचं दोघांचं.

"काढा तुमचंही," फिटरचा आवाज आला. अजून त्यात हसू होतं. "नुसते दिवे लागतात का बघू, मग जाळी चढवतो."

"त्या कुठे आहेत?"

"झालं म्हणाली ना."

"म्हणाल्या ते मीही ऐकलं. आहेत कुठे?"

"असेल इथंच. पाणी प्यायला गेली असेल. काढा हो, दोन मिनिटांचं काम."

'मी आत आहे,' एवढं म्हणायचं होतं. तीनच शब्द. पण वायरवालीची जीभ टाळूला चिकटली होती. हात बाहेर घ्यायचा हे कळत होतं आणि हात ऐकत नव्हता. नाकासमोर चाकाचा एक दात होता, त्यावर ताज्या तेलाचा थेंब. तो थेंब फुगत गेला, लांबला, पण सुटेना.

"अरे, मला ती दिसू दे आधी!" मॅडमचा आवाज कारखानाभर गेला. "दिसल्याशिवाय माझं निघणार नाही."

मग हात सुटला. ती बाहेर आली, कटर तसाच मुठीत. फिटरच्या हातात उघडं कुलूप होतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या हाताकडे. त्याचा चेहरा असा उतरला की तिलाच त्याला धरावंसं वाटलं. मॅडमनी आपली किल्ली मुठीत इतकी घट्ट आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. हे सगळं पाहिलं ते पलीकडून पुठ्ठ्याचे गठ्ठे ओढणाऱ्या गाडीवाल्याने, आणि तो थेट सुरक्षा साहेबाकडे गेला.

सुरक्षा साहेबाला अख्खा कारखाना शिट्टी म्हणत असे, कारण ती सदा त्याच्या गळ्यात असे. त्याच्या काचेच्या खोलीत तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधल्या खुर्चीवर कुणी बसेना. शेवटी वायरवाली बसली.

"वाचलात," शिट्टी म्हणाला. "आता सांगा. एकाचा पास तर मला रद्द करावाच लागेल. त्याला पुन्हा या फाटकातून आत पाऊल टाकता यायचं नाही."

"माझा करा," फिटर लगेच म्हणाला. "मी न बघता कुलूप काढलं."

"त्याआधीची चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "कुलपं तीन हवी होती, दोनच होती. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं? आणि बोलला नाहीत?" शिट्टी खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, गेल्या आठवड्यात एकाचं कुलूप वाकडं लागलं होतं तर तुम्ही त्याला उभा सोलला होता. आज काय झालं?"

मॅडमनी चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला घेतला. स्वच्छच होता तो.

"बरं, ताई, तुम्ही सांगा. दिलेलं कुलूप लावलं नाहीत. वर काम झालं म्हणालात, आणि पुन्हा आत गेलात. कुणाला न सांगता. का?"

"सांगितलं असेल तिने," फिटर मध्येच म्हणाला. "आवाजात मला ऐकू आलं नसेल. ध्यानात नाही राहत हो, एवढा आवाज असतो तिथं."

"यंत्र बंद होतं," शिट्टी शांतपणे म्हणाला. "आवाज कसला?"

काचेपलीकडून एक गाडी गठ्ठे घेऊन गेली. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवर बघू लागल्या. फिटर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. दोघंही तिला वाचवायला बघत होते हे वायरवालीला समजत होतं, आणि दोघंही एकाच पद्धतीने वाचवत होते, हेही. घरी सासूबाई भाजी निवडत, तशाच पद्धतीने.

तिने खिशातून लाल कुलूप काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"साहेब, या आमच्या मिस्टरांच्या पहिल्या मिसेस," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. "दोघं हसत होते. मला ते बघवलं नाही, म्हणून मी न सांगता आत गेले. आवाज नव्हता, आणि दुसरंही काही कारण नव्हतं."