वाळलेली शाई

मी शिक्का बोलतोय. गोल, लाकडी मुठीचा, सदाशिव पेठेतल्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीचा. दुकानात घडलो तेव्हा माझ्या रबरावर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक एवढंच कोरलं. कुणाचं आडनाव नाही. हे लक्षात असू द्या.

मी सेक्रेटरी शरच्चंद्रकाकांच्या खणात राहतो, शाईच्या पॅडशेजारी. काकू होत्या तेव्हा दर रविवारी चहा झाला की पॅडवर चार थेंब शाई घालायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. काकांनी बरंच काही सोडून दिलं, पण रविवारचे चार थेंब चुकवले नाहीत. म्हणून खात्रीनं सांगतो, आमचं पॅड कधीच वाळत नाही.

वाळतं ते काही ठरावीक माणसं दारात आली की. सहस्रबुद्ध्यांचा अर्ज आला तर मी उभ्या उभ्या उमटतो. विदर्भातून आलेल्या वैजनाथना मात्र दोन हेलपाटे पडले.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रुपालीताईंनी फ्लॅट विकायला काढला. घेणार होत्या कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपिस्ट, डॉ. अफशीन शेख. काकांचा गुडघा त्यांनीच चालता केलेला. विक्रीला सोसायटीची परवानगी लागत नाही, असं नियमांतच आहे. पण कर्ज देणाऱ्या बँकेला ना हरकत पत्रावर मी हवा होतो. पत्र टाइप झालं, सही झाली.

"शाई वाळली आहे हो," काका म्हणाले. "सोमवारी या."

दोन सोमवार तसेच गेले. बँकेची मंजुरी महिनाअखेरीस संपणार होती, आणि तिच्याबरोबर अफशीनताईंचं घरही.

"काका, सहस्रबुद्ध्यांना मंगळवारी शिक्का मिळाला," रुपालीताई म्हणाल्या. "बुधवारी दुष्काळ पडला का?"

"तसं काही नाही. आम्हाला सगळे सारखेच," म्हणत काकांनी खण ढकलला.

त्यांना खोटारडे म्हणू नका. सगळे सारखेच, हे त्यांना खरंच वाटत होतं. झाकण उघडून पाहिलंच नाही, तर कळणार कसं?

तिसऱ्या सोमवारी, तीस तारखेला, अफशीनताई शाईची बाटली घेऊनच आल्या. "द्या काका, तुमची अडचण मिटवते." त्यांनी पॅड उघडलं आणि बाटली तिरकी केली. आधीच ओलं असलेलं पॅड भरून वाहिलं. शाई टेबलावर आली, काकांच्या बोटांवर आली.

"वाळलं नव्हतं ना?" अफशीनताईंनी हळूच विचारलं.

काका जांभळ्या बोटांकडे बघत राहिले. "आमची ही शाई घालायची, दर रविवारी," एवढंच म्हणाले. मग त्यांनी मला उचललं. मी उमटलो, जरा जास्तच ठळक.

दाराशी अफशीनताई थांबल्या. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"राहायला आले म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढू नका. मीच खाली येत जाईन."

आता माझी कड झिजली आहे. लवकरच नवा शिक्का येईल. जाण्यापूर्वी एकच मागणं आहे. शाई वाळली असं कुणी म्हणालं, तर पॅडला बोट लावून बघा. आणि म्हणणारे तुम्ही स्वतः असाल, तर आधी झाकण उघडा.