धाकूच्या पत्रातली काळी ओळ

पूर्णगडची सोनूबाई साठी उलटल्यावर भाचीच्या शाळेतला कॉम्प्युटर बघायला निघाली, तेव्हा वाडीतलं झाडून सगळं माणूस हसलं. "म्हातारी आता मॅट्रिक होणार!" म्हणे. हसा मेल्यांनो, पोट दुखेस्तोवर हसा. तिला काय हवं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ती सांगणारही नव्हती.

तिला हवी होती एक ओळ. तिचा नवरा धाकू लढाईच्या दिवसांत आगबोटीवर खलाशी होता. त्रेचाळीस साली दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं, तेच शेवटचं. त्यात आईच्या गुडघ्यांची चौकशी, म्हशीची चौकशी, मग सरकारनं काळी शाई फासून बुजवलेली एक ओळ, आणि पुढे एवढंच: 'नवे हिरवे लुगडे नेसू नको, पेटीत ठेव.' पौषात बोट बुडाल्याची खबर आली. वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा भांडणात सासू गोदूबाई बोलून गेली, "सवाशिणीला हिरवं नेसू नको म्हणतो, म्हणजे काय ते समज! तिकडे दुसरी केलीन आणि तुला टाकलीन. सरकारला पण लाज वाटली, म्हणून पुसलंन."

सासू गेली, पण ते बोलणं काही गेलं नाही. त्रेचाळीस वर्षं सोनूबाईला धड रडता आलं नाही आणि धड रागावताही आलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मरायच्या आधी एकदा कळू दे, तो मला टाकून गेला की माझाच राहून गेला, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि या दिवाळीत तिची भाची राही घरी येऊन काय सांगते, तर शाळेला कॉम्प्युटर मिळालाय आणि जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं त्यावर एक खेळ केलाय. लढाई चालू आहे, पडद्यावर पत्रं येतात, आपण सरकारी कारकून व्हायचं आणि नको ती ओळ काळी करायची. राही रत्नागिरीला विज्ञान शिकवायची. तिचे घरमालक सदूअण्णा लढाईत मुंबईला टपाल तपासणीच्या कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून तिनं सगळे नियम विचारून घेतले होते. सोनूबाईनं ऐकलं मात्र, आणि मनाशी हिशेब बांधला: ज्या यंत्राला काळं फासता येतं त्याला ते काढताही येत असणार.

रविवारी शाळेला सुट्टी. राहीनं कुलूप काढलं. सदूअण्णाही आले होते, खेळातली पत्रं तपासायला. सोनूबाईनं बघितलं तर काय, एक टीव्ही, पुढ्यात बटणांची फळी आणि बाजूला खेळ यंत्रात भरताना किंचाळणारा टेपरेकॉर्डर. तिनं पिशवीतून पत्र काढलं नि राहीच्या कानाशी लागली, "हे त्याच्यासमोर धर. काळ्याखालचं वाचायला सांग."

राहीला हसू फुटत होतं, पण पत्रावरची काळी पट्टी बघितली आणि तिचं हसू तिथंच राहिलं. "आते, त्याला कागद दिसत नाही गो."

"मग सरकारनं आंधळं यंत्र दिलंन कशास?" सोनूबाई करवादली. एवढा एस.टी.चा धक्के खात प्रवास केला तो यासाठी? तिनं पत्र पुन्हा पिशवीत कोंबलं. परक्या पुरुषासमोर ते उघडायची तिची छाती नव्हती.

"आलीच आहेस तर खेळून तरी जा," राहीनं तिला खुर्चीत बसवलं. दोन महिने चौकटीच्या वहीत ठिपके भरभरून तिनं एकेक मराठी अक्षर पडद्यावर आणलं होतं. सोनूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून राही वाचणार आणि ती 'काळं' किंवा 'जाऊ दे' सांगणार, असं ठरलं.

'आमची बोट बसऱ्याला उभी आहे.' काळं. 'बोटीवर चारशे शिपाई आहेत.' काळं. 'बाळाला खोकला झाला तर अडुळसा द्या.' जाऊ दे, जाऊ दे! सोनूबाईला आता मजा यायला लागली होती.

'नारळी पुनवेला घरी येतो.'

"जाऊ दे."

राहीनं बटण दाबलं. यंत्रानं भोंगा काढला, आणि पडद्यावर ठिपक्यांची एक बोट हळूहळू बुडाली. "अगो बाय माझे!" सोनूबाई उभीच राहिली. "माणूस घरी येतो म्हणतो, त्यात पाप काय झालं?"

सदूअण्णांनी चष्मा पुसला. "बाई, येण्याचा दिवस कळला की बोट कुठल्या सुमाराला बंदरात लागणार ते शत्रूला कळतं. कोकणातला माणूस तारीख लिहीत नसे. गणपती, तुळशीचं लगीन, असं लिहायचा. साहेबाला त्यातलं ओ का ठो कळत नसे, म्हणून तर आम्हां मराठी पोरांना तिथं बसवलेलं."

सोनूबाईनं पिशवी पोटाशी धरली. मग भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "आणि कोणी लिहिलं, की मी दुसरी केली, तू आता माझी नव्हेस, तर?"

"त्याला आम्ही हात लावत नसू."

"लाज वाटली तरी?"

"वाटली तरी. घरच्या भानगडींशी सरकारला काय देणंघेणं? जागा, बोट, आकडा आणि दिवस, एवढंच पुसायचं. बाकी शिव्या असोत की सोडचिठ्ठी, सगळं जसंच्या तसं घरी पोचायचं."

 सोनूबाईनं पिशवीतलं पत्र काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवलं.

अण्णांनी ते खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं. शाईखालचं अक्षर काही दिसेना. "कदाचित मीच फासली असेन ही. आठवत नाही हो. दिवसाला शंभर-दीडशे पत्रं हातांखालून जायची." त्यांनी पत्र परत डोळ्यांशी धरलं. "पुढे लिहिलंय, नवं हिरवं लुगडं नेसू नको, पेटीत ठेव. याचा अर्थ मला लागत नाही."

"परत वाचा," सोनूबाई म्हणाली.

अण्णांनी परत वाचलं.

आजवर त्या वाक्यात तिला सासूचाच आवाज ऐकू यायचा. आज पहिल्यांदा धाकूचा आला. पूर्णगडच्या बाईला नवं लुगडं पेटीत ठेवायला कधी सांगतात? गावदेवीची पालखी दारात येते तेव्हा! गुलालात चांगल्या लुगड्याची वाट लागते, म्हणून त्या दिवशी साऱ्या बायका जुनेरं नेसतात. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला धाकूनंच तिच्या कोऱ्या लुगड्यावर गुलाल उधळला होता, आणि ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"शिमगा!" ती ओरडली. "शिमग्याला येत होता गो राही! मेल्या, शिमग्याला येत होतास, आणि मी त्रेचाळीस वर्षं..." ती पदरात तोंड घालून मोकळेपणानं रडली. राहीनं तिला धरून ठेवलं.

"शपथेवर नाही सांगता येणार," अण्णा हळूच म्हणाले, "पण या काळ्या पट्टीत 'शिमग्याला येतो' एवढंच मावतं."

डोळे पुसून सोनूबाई त्यांच्यावरच उखडली. "लढाई संपल्यावर कळवायचं होतंत की! काळ्याखाली काय होतं ते दोन ओळींत लिहून धाडायला काय झालं होतं तुम्हांला?"

"कोणी सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "आणि आम्हांलाही सुचलं नाही. चुकलंच आमचं."

"मग राही, तुझ्या खेळात तरी कळव."

राहीनं आणखी आठ दिवस खपून ते केलं. धाकूचं पत्रही खेळात घातलं. प्रदर्शनाला ही गर्दी! लोक रांगेत उभे राहून काळं फासत होते. खेळ संपला की पडद्यावर 'लढाई संपली' असं यायचं आणि प्रत्येक पत्रातलं काळं एकेक करून उघडायचं.

सोनूबाई सकाळपासून कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसली होती, अंगावर धुवट लुगडं, मांडीवर पिशवी. सगळ्यांत शेवटी धाकूचं पत्र उघडलं की ती खेळणाऱ्याची बाही ओढायची, मग तो कलेक्टर कचेरीतला साहेब असो की कॉलेजातली पोरगी.

"मला वाचता येत नाही. काय लिहिलंय हो?"

"शिमग्याला येतो," ते सांगायचे.

संध्याकाळपर्यंत तिनं ते शंभरेक जणांकडून वदवून घेतलं. जेवायला चल म्हणून राही हात ओढत होती, तर म्हणे, "थांब गो, अजून रांग हाय."