फिका की गडद

मनकर्णा माझ्या बहिणीची मुलगी, आई गेल्यापासून मीच वाढवलेली. लग्न होऊन ती वडनेर भोलजीला हिंमतराव पाटलाच्या घरी आली आणि पाठराखीण म्हणून मी सोबत आले. पाटलाचं हे दुसरं लग्न. पहिली तापानं गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं. आज मी परत निघणार होते, गाडीही जुंपून तयार होती.

निघताना पाटलानं मला नव्या नवरानवरीच्या खोलीचा रंग पाहायला बोलावलं. तिथं आजवर पांढऱ्या मातीचा हात होता. नागपुरात साहेबाच्या बंगल्यात पाटलानं निळ्या भिंती पाहिल्या, झालं, इथंही निळा चुना हवा. हौसेला मोल नाही! बशीर रंगाऱ्यानं दाराशेजारी आतल्या भिंतीवर नीळ घातलेल्या चुन्याचे दोन पट्टे ओढले होते, एक फिका, एक गडद.

"फिका बरा," मी म्हटलं. "खोलीत उजेड राहीन."

बशीरनं नुसतं पट्ट्याकडे बोट केलं. फिक्या पट्ट्यातून तांबडं काहीतरी वर येत होतं. मला आधी माती वाटली. मग बोटं दिसली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली ओढत गेलेली.

"देवीचे हात हायेत ते," पाटील दारातून म्हणाला. "गडद मार, बशीर. झाकून जाईन."

देवीचे हात असे ओरबाडलेले नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तेवढ्यात मनकर्णा आली. नवी नवरी, पण तिला सकाळपासून हळद कुटायला बसवलेलं. "मावशी, कोन्ता घेतला?" म्हणत ती ओल्या फिक्या पट्ट्यावर हात टेकून उभी राहिली. हात काढला तर भिंतीवरचा पंजा पिवळा नव्हता. चुना लागून हळद लाल झाली होती, अगदी खालच्या हातांसारखी.

पहिलीसुद्धा हळदीच्या हातांनी इथं दाराशी बसून भिंत ओरबाडत राहिली होती. मी दाराकडे पाहिलं. आतून कडी नव्हती. बाहेरून दोन होत्या.

"पाटील, पोरगी माह्यासंगं येईन."

"लगन झालं तिचं," तो शांतपणे म्हणाला. त्याचा हात कडीवर होता. "गाडी खोळंबली, मावशी. तुमी निंगा."

मनकर्णा पदराला हात पुसत होती, डाग निघत नव्हता. मला भीती वाटली, पण भीतीहून संताप जास्त आला.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, घरात अवदसा येते. मी लुगडं आवरलं आणि उंबऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसले.

"लाव आता दार," मी म्हटलं.